मुलीचा विवाह जर्मनीत, माहेर नाशकात: कायद्याने नेमके काय लागते?

गंगापूररोडकर

नमस्कार. आमची मुलगी गेली सहा वर्षे जर्मनीत आहे. तिचे पुढचे शिक्षण तिथेच झाले आणि आता ती म्युनिकमध्ये नोकरी करते. तिच्याबरोबर शिकलेल्या एका जर्मन मुलाशी विवाह करण्याचे तिने ठरवले आहे. मुलगा जर्मन नागरिक असून धर्माने ख्रिस्ती आहे. मुलगी भारतीय नागरिक आहे आणि नागरिकत्व सोडण्याचा तिचा विचार नाही. दोघांचाही हा पहिलाच विवाह आहे. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना आम्ही भेटलो आहोत, माणसे चांगली आहेत, त्यामुळे होकाराचा प्रश्न उरलेला नाही. उरला आहे तो कागदांचा, आणि त्यानेच गेले दोन महिने आमची झोप उडवली आहे.

डिसेंबरात मुलीला तीन आठवड्यांची रजा मिळते. तेव्हा त्र्यंबक रोडवरच्या एखाद्या लॉन्सवर वैदिक पद्धतीने लग्न लावावे, महानगरपालिकेत नोंदणी करावी आणि ते प्रमाणपत्र घेऊन दोघांनी परत जावे, असे माझ्या यजमानांचे म्हणणे आहे. मुलीला मात्र कायदेशीर विवाह जर्मनीत करून विधी इथे करायचे आहेत. माझे दीर सांगतात की परदेशात लागलेले लग्न आपल्याकडे धरले जात नाही, म्हणून ते तिथल्या भारतीय दूतावासातच लावून घ्यावे. यांपैकी कायद्याला धरून कोणते आहे, हे मला नीट समजून घ्यायचे आहे.

दुसरी अडचण जन्मदाखल्याची आहे. मुलीचा जन्म माझ्या माहेरी, निफाड तालुक्यातल्या एका गावी झाला. ग्रामपंचायतीतून मिळालेल्या जुन्या उताऱ्यावर तिचे नावच नाही, फक्त 'मुलगी' असे लिहिलेले आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचा पासपोर्ट निघाला, त्यामुळे आजवर कुठे अडले नव्हते. मुंबईच्या एका एजंटाने सगळ्या कागदांवर शिक्के मारून देण्यासाठी मोठी रक्कम सांगितली आहे. ती द्यावी की नाही, तेही कळत नाही. ज्यांनी हे स्वतः केले आहे किंवा ज्यांना कायद्याची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पंचवटीकर

ताई, मी नाशिकच्या न्यायालयात वकिली करते आणि कौटुंबिक कायद्याची कामे बघते. तुमच्या घरात जी तीन मते आहेत, त्यांतले मुलीचे मत कायद्याला सर्वांत जवळचे आहे. का, ते एकेक करून सांगते.

आधी तुमच्या यजमानांचा विचार घेऊ. हिंदू विवाह कायदा, १९५५ हा वधू आणि वर दोघेही हिंदू असतील तेव्हाच लागू होतो. कायद्याच्या भाषेत 'हिंदू' या शब्दात बौद्ध, जैन आणि शीख येतात, पण ख्रिस्ती येत नाहीत. हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तींमध्ये या कायद्याखाली लागलेला विवाह वैध नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. त्यामुळे लॉन्सवर मंगलाष्टके झाली, सप्तपदी झाली, पाचशे माणसांनी अक्षता टाकल्या, तरी केवळ तेवढ्याने तुमची मुलगी कायद्याने विवाहित ठरणार नाही. महानगरपालिकेतील नोंदणीने ही उणीव भरून निघत नाही. ती नोंदणी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली होते आणि मुळात वैध असलेल्या विवाहाची दप्तरी नोंद करणे एवढेच तिचे काम आहे. अवैध विवाह नोंदवला म्हणून तो वैध होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली हिंदू विवाहाच्या संदर्भात हेच सांगितले की आवश्यक विधी झालेलेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या प्रमाणपत्राने विवाह सिद्ध होत नाही. असे प्रमाणपत्र घेऊन मुलगी म्युनिकला गेली आणि तिथल्या अधिकाऱ्याने हा विवाह कोणत्या कायद्याखाली झाला असे विचारले, तर तिच्यापाशी उत्तर नसेल.

विवाह नाशिकमध्येच कायदेशीर रीतीने करायचा तर विशेष विवाह कायदा, १९५४ हा मार्ग आहे, आणि तो कोणत्याही धर्माच्या जोडप्याला मोकळा आहे. मात्र त्यात दोघांपैकी एकाने नोटीस देण्याआधी सलग किमान ३० दिवस या जिल्ह्यात राहिलेले असावे लागते. नोटीस दिल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते आणि त्यानंतर तीन साक्षीदारांसमक्ष विवाह अधिकारी विवाह लावतात. म्हणजे मुलीला सुमारे दोन महिने नाशकात मुक्काम करावा लागेल. तीन आठवड्यांच्या रजेत हे बसत नाही, आणि मुक्कामाबाबत खोटे निवेदन करून ते बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नका. ज्या कागदावर पुढचे सगळे आयुष्य उभे राहायचे, त्याच्या पहिल्याच ओळीत असत्य नको.

आता तुमच्या दिरांचे म्हणणे. दूतावासात विवाह लावण्याची सोय विदेशी विवाह अधिनियम, १९६९ मध्ये खरोखरच आहे. वधूवरांपैकी किमान एक जण भारतीय नागरिक असावा, एकाने त्या अधिकाऱ्याच्या क्षेत्रात ३० दिवस वास्तव्य केलेले असावे, वर २१ आणि वधू १८ वर्षांची असावी, कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा आणि नाते निषिद्ध श्रेणीतले नसावे, अशा त्याच्या अटी आहेत. त्या तुमच्या मुलीच्या बाबतीत पूर्ण होतात. परंतु ज्या देशात दूतावास आहे त्या देशाच्या कायद्याने असा विवाह निषिद्ध असेल, तर विवाह अधिकारी तो लावण्यास नकार देऊ शकतात, असे हाच अधिनियम सांगतो. जर्मनीचा कायदा असा आहे की त्या देशाच्या भूमीवरचा विवाह तिथल्या नोंदणी अधिकाऱ्यासमोरच झाला पाहिजे. परदेशी सरकारने अधिकृत केलेल्या व्यक्तीसमोर विवाह करण्याची सवलत फक्त दोघांपैकी कोणीही जर्मन नसेल तेव्हाच मिळते. तुमचे जावई जर्मन आहेत, त्यामुळे तुमच्यापुरते ते दार बंद आहे. दोघेही भारतीय असते तर गोष्ट वेगळी होती.

राहिला तिसरा मार्ग, आणि तोच योग्य आहे. विवाह जर्मनीच्या नोंदणी कार्यालयात करावा. परदेशात तिथल्या कायद्याच्या रीतीने झालेला विवाह आपल्याकडे धरला जात नाही, हा गैरसमज आहे. विवाह कोणत्या रीतीने लागावा हे तो जिथे लागतो त्या देशाचा कायदा ठरवतो, आणि त्या व्यक्ती विवाहास पात्र आहेत की नाहीत हे त्यांचा स्वतःचा कायदा ठरवतो. दोन्ही बाजू ठीक असतील तर विवाह इथेही वैध असतो. शिवाय १९६९ च्या अधिनियमाचे कलम १७ असे आहे की परदेशी कायद्यानुसार झालेला विवाह, एक पक्ष भारतीय नागरिक असल्यास, भारतीय विवाह अधिकाऱ्याकडे नोंदवून घेता येतो. म्युनिकमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे, मुलीने तिथे अर्ज करावा. ही नोंदणी झाली की तो विवाह या भारतीय अधिनियमाखालीच झाल्यासारखा मानला जातो, आणि बँकेपासून वारसापर्यंत कुठेही इथल्या माणसाला समजेल असा कागद तुमच्या हाती राहतो.

एक गोष्ट विशेष आग्रहाने सांगते. कायदेशीर विवाह एकदाच आणि एकाच ठिकाणी करा. हौसेने दोन्हीकडे नोंदणी करणारी जोडपी माझ्याकडे येतात, आणि मग दोन प्रमाणपत्रांवर दोन तारखा असतात, व्हिसाच्या अर्जावर एक आणि विम्यावर दुसरी. जर्मनीत विवाह झाल्यावर नाशकात जे कराल तो कुटुंबाचा मंगलविधी असेल. तो मनापासून करा, दिमाखात करा, पण त्याची विवाह म्हणून पुन्हा नोंदणी करू नका.

सातपूरकर

नमस्कार काकू. मी मूळचा सातपूरचा, सध्या स्टुटगार्टला असतो. माझा विवाह २०२२ साली जर्मन मुलीशी इथल्याच नोंदणी कार्यालयात झाला. या कार्यालयाला इथे 'श्टांडेसआम्ट' म्हणतात. वकीलताईंनी लिहिलेले सगळे माझ्या अनुभवाशी जुळते. मी जर्मनीच्या बाजूचे सांगतो, कारण खरा वेळ तिथे जातो.

सगळ्यात आधी मुलीला आणि जावयांना त्यांच्या राहत्या ठिकाणच्या श्टांडेसआम्टमध्ये जाऊन कागदांची लेखी यादी घ्यायला सांगा, आणि ती हातात पडेपर्यंत नाशकात एकही कागद काढू नका. साधारणपणे पासपोर्ट, इथला वास्तव्य परवाना, राहत्या पत्त्याच्या नोंदीचा दाखला, जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचा पुरावा मागतात, पण कोणता कागद कोणत्या स्वरूपात आणि किती ताजा हवा, हे कार्यालयागणिक बदलते. माझ्या आईवडिलांनी मी अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र उत्साहाने आधीच करून पाठवले होते. प्रत्यक्ष अर्ज करेपर्यंत ते जुने झाले आणि पुन्हा करावे लागले.

जर्मन कायद्यानुसार परदेशी व्यक्तीने विवाहास कायदेशीर अडथळा नसल्याचा, आपल्या देशाच्या अधिकाऱ्याने दिलेला दाखला आणायचा असतो. जर्मनीला अभिप्रेत असलेला असा दाखला भारतात दिला जात नाही. मग त्या अटीतून सूट मिळवावी लागते, आणि ती सूट तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष देतात. न्यायालय हे नाव ऐकून घाबरू नका. अर्ज श्टांडेसआम्टमार्फतच जातो, कोणाला हजर राहावे लागत नाही. सूट मिळाल्यावर ती सहा महिने चालते आणि त्या मुदतीत विवाह व्हावा लागतो. इथे विवाहाला साक्षीदार बंधनकारक नाहीत, हवे असल्यास दोघांपर्यंत ठेवता येतात. मात्र वधूवर दोघांनी एकाच वेळी स्वतः उपस्थित राहणे अनिवार्य आहे, आणि जर्मन पुरेसे येत नसेल तर दुभाष्या लागतो.

आता त्या एजंटाच्या शिक्क्यांबद्दल. ते 'अपोस्टिल' नावाच्या शिक्क्याबद्दल बोलत असणार. १९६१ च्या हेग करारानुसार एका सदस्य देशाचा सार्वजनिक दस्तऐवज या एका शिक्क्यावर दुसऱ्या सदस्य देशात स्वीकारला जातो. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे आणि शिक्का परराष्ट्र मंत्रालय देते. पण भारत करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने त्यावर हरकत नोंदवली, त्यामुळे या दोन देशांपुरता तो शिक्का उपयोगी ठरला नाही. माझ्याकडूनही एका एजंटाने प्रत्येक कागदामागे पैसे घेऊन अपोस्टिल करून दिले होते, आणि श्टांडेसआम्टच्या बाईंनी शांतपणे सांगितले की आम्हाला याची गरज नाही, आम्ही कागद पडताळून घेऊ. पडताळणी म्हणजे जर्मन कार्यालय भारतातल्या जर्मन दूतावासाला विनंती करते, महाराष्ट्राचे काम मुंबईहून चालते, आणि त्यांनी नेमलेला विश्वासू वकील ज्या कार्यालयाने दाखला दिला तिथे प्रत्यक्ष जाऊन मूळ रजिस्टर तपासतो. खर्च अर्जदाराचा असतो. माझ्या वेळी या एका टप्प्याला साडेचार महिने लागले. म्हणून त्या एजंटाला आज काहीही देऊ नका. कार्यालयाने लेखी मागितले तरच पुढचा विचार करा.

याच कारणाने निफाडच्या नोंदीकडे आताच लक्ष द्या. पडताळणीचा वकील ग्रामपंचायतीत जाईल आणि रजिस्टर उघडून बघेल. तुमच्या हातातला दाखला आणि त्या रजिस्टरातली ओळ यांत एका अक्षराचा फरक निघाला तरी तो अहवालात येतो.

नावाचेही आताच बघून ठेवा. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेल्या आपल्या पासपोर्टच्या पुस्तिकेत आडनावाचा एक रकाना असतो आणि बाकी सगळे नाव दुसऱ्या रकान्यात येते. आपण मराठी माणसे स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव लावतो, आणि ते त्याच रकान्यात जाऊन बसते. जर्मन अधिकारी त्याचा अर्थ असा घेतात की ही दोन्ही मुलीचीच नावे आहेत. माझ्या विवाह प्रमाणपत्रावर माझ्या वडिलांचे नाव माझे दुसरे नाव म्हणून छापलेले आहे. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही, कारण पासपोर्टशी ते जुळते. पण जन्मदाखला, पदवी आणि पासपोर्ट यांत नावाची मांडणी वेगवेगळी असेल तर आपल्याकडची नावाची पद्धत समजावून सांगणारे एक निवेदन आधीच जोडावे. विवाहानंतर आडनाव कोणते ठेवणार, हेही तिथे विचारले जाते. त्याचे उत्तर दोघांनी घरी बसून ठरवून जावे, कारण त्यावर पुढे पासपोर्ट बदलायचा की नाही हे अवलंबून असते.

आपल्याकडचे बरेच दाखले मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असतात, ही आपली मोठी सोय आहे. मराठीतून जर्मन करणारे शपथबद्ध अनुवादक इथे शोधावे लागतात, इंग्रजीतून करणारे सहज मिळतात. अनुवाद मात्र जर्मनीतल्या शपथबद्ध अनुवादकाकडूनच करून घ्या.

मुलीला कोणीतरी डेन्मार्कचा मार्ग सुचवेल, म्हणून तेही लिहितो. जर्मनीत राहणारी अनेक परदेशी जोडपी डेन्मार्कला जाऊन विवाह करतात. तिथल्या कौटुंबिक कायदा संस्थेकडे अर्ज करून परवानगीचे प्रमाणपत्र घ्यायचे असते, ते चार महिने चालते, आणि जर्मनीतल्यासारखा अडथळा नसल्याचा दाखला तिथे मागत नाहीत. असा विवाह वैध असतो. पण मुलीकडे नोकरी आणि वास्तव्य परवाना आहे, घाई कसलीही नाही; जन्मदाखला आयुष्यात पुढे कुठेतरी लागणारच आहे, तेव्हा तो आता नीट करून विवाह राहत्या गावी करावा, असे माझे मत आहे.

देवळालीकर

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. माझ्या भाच्याचा घटस्फोट नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयात गेल्याच महिन्यात झाला. तो परस्परसंमतीचा नव्हता, तीन वर्षे खटला चालला. आता त्याचा विवाह इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी मुलीशी ठरत आहे. ती ब्रिटिश नागरिक आहे. दोघेही हिंदू आहेत. तो पर्यटक म्हणून जाऊन तिकडे विवाह करू शकतो का, आणि कधी?

पंचवटीकर

देवळालीकर, भाच्याला आधी थांबायला सांगा. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ नुसार हुकूमनाम्यावर अपील करण्याचा हक्क असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत, आणि अपील दाखल झाले तर ते निकाली निघेपर्यंत, पुनर्विवाह करता येत नाही. ही मुदत ९० दिवसांची आहे. विवाह इंग्लंडमध्ये केला म्हणून ही अट सुटत नाही, कारण भारतात अधिवास असलेल्या हिंदूंना हा कायदा देशाबाहेरही लागू असतो. मुदत संपल्यावर अपील दाखल नसल्याची खात्री न्यायालयातून करून घ्या आणि हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा. तिकडे ती मागतीलच.

तिकडे जाऊन विवाह करून परत यायचे असेल तर विवाहासाठीचा वेगळा अभ्यागत व्हिसा असतो, तो सहा महिन्यांपर्यंतचा मिळतो. साध्या पर्यटक व्हिसावर विवाह करता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये दोघांनी आपल्या भागातल्या नोंदणी कार्यालयात नोटीस देण्यापूर्वी किमान ७ दिवस तिथे राहिलेले असावे लागते, त्यानंतर २८ दिवसांची नोटीस असते, आणि एक जण परदेशी नागरिक असेल तर तिथले गृहखाते ती ७० दिवसांपर्यंत वाढवू शकते. तेव्हा परतीचे तिकीट आणि हॉल यांचे आरक्षण त्या हिशेबानेच करा. विवाहानंतर तिकडेच स्थायिक व्हायचे असेल तर व्हिसाचा प्रकारच बदलतो.

याच्या उलट प्रसंगही येतो, म्हणून लिहून ठेवते. घटस्फोट परदेशी न्यायालयात झाला असेल तर तो इथे आपोआप मान्य होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सांगितले की ज्या कायद्याखाली विवाह झाला त्या कायद्यात असलेल्या कारणावरच घटस्फोट झालेला असावा आणि दुसरा पक्ष त्या न्यायालयापुढे स्वेच्छेने, प्रत्यक्ष सहभागी झालेला असावा. दोघांनीही संमती दिली असेल तर अडचण येत नाही. एकतर्फी हुकूमनाम्यावर मात्र दुसरा विवाह करू नये.

गंगापूररोडकर

वकीलताई आणि सातपूरकर, आपल्या दोघांचे उत्तर मी यजमानांना आणि दिरांना मोठ्याने वाचून दाखवले. घरातला वाद त्या दिवशी मिटला. मुलीने श्टांडेसआम्टची भेटीची वेळ घेतली आहे.

मी काल माहेरी जाऊन ग्रामपंचायतीतले रजिस्टर प्रत्यक्ष पाहून आले. नोंद आहे, तारीख बरोबर आहे, वडिलांचे नाव बरोबर आहे. मुलीच्या नावाची जागा कोरी आहे हे माहीत होतेच, पण आईच्या रकान्यात माझे माहेरचे नाव आहे. वर्दी माझ्या वडिलांनी दिली होती, त्यांनी लेकीचे नाव जसे तोंडात बसले होते तसे सांगितले असणार. ती शाईची ओळ पाहून मला वडील आठवले, पण आता या नोंदीचे काय करायचे?

आणखी एक विचारते, कारण दिरांनी ते शांतपणे पण स्पष्टपणे विचारले आहे. दिंडोरी तालुक्यात आमची सामाईक द्राक्षबाग आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनची. परधर्मीय आणि परदेशी माणसाशी विवाह केल्याने मुलीच्या हिश्श्यावर परिणाम होतो का?

पंचवटीकर

ताई, नोंदीत दोन वेगळी कामे आहेत. बाळाचे नाव नंतर दाखल करण्याची तरतूद जन्ममृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. त्याला नियमांनी पंधरा वर्षांची मर्यादा आहे, पण जुन्या नोंदींसाठी शासनाने वेळोवेळी मुदतवाढ दिलेली आहे, तेव्हा सध्या मुदत चालू आहे का हे ग्रामपंचायतीत लगेच विचारा आणि असेल तर एक दिवसही घालवू नका. आईच्या नावाची दुरुस्ती कलम १५ खाली होते. त्यासाठी तुमचे विवाहाचे प्रमाणपत्र किंवा लग्नानंतर नाव बदलल्याचा पुरावा, तुमचा शाळेचा दाखला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र द्या. दुरुस्ती रजिस्टरच्या समासात होते, मूळ ओळ खोडली जात नाही. वडिलांनी सांगितलेले तुमचे नाव तिथे राहीलच. दुरुस्तीनंतर नवा दाखला मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत मागून घ्या, आणि जुना उतारा कोणालाही देऊ नका.

दिरांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आधीच माहीत असलेले बरे. विदेशी विवाह अधिनियमाच्या कलम १८ मुळे परदेशात झालेल्या अशा विवाहांनाही विशेष विवाह कायद्यातील विवाहाच्या परिणामांची प्रकरणे लागू होतात. त्यातल्या कलम १९ नुसार हिंदू एकत्र कुटुंबातील व्यक्तीने असा विवाह केला की ती त्या कुटुंबापासून विभक्त झाली असे मानले जाते. दोघेही हिंदू असते तर हे कलम लागले नसते. विभक्त होणे याचा अर्थ हक्क गमावणे असा नाही, हे घरात सगळ्यांना नीट सांगा. २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत हक्काची वाटेकरी, आहे. विवाहाच्या दिवशी तिचा जो हिस्सा असेल तो तिचाच राहतो, फक्त ती एकत्र कुटुंबाची सदस्य राहत नाही. कलम २० तिचे हक्क राखून ठेवते. दुसरा परिणाम असा की तिच्या स्वतःच्या मालमत्तेचा वारसा पुढे हिंदू उत्तराधिकार कायद्याने नाही, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरेल. बागेचा सातबारा सामाईक असेल तर भावाभावांनी बसून हिस्से लिहून ठेवणे आणि मुलीने मृत्युपत्र करणे, हे दोन्ही विवाहाच्या आसपास करून टाका. हे अविश्वासाने करायचे काम नाही. कागद स्पष्ट असले की दीरभावजयीतले प्रेम टिकते, हे मी रोज न्यायालयात उलट्या बाजूने बघते.

जावयांविषयी एक लहानशी गोष्ट राहिली. विवाह नोंदवलेला असेल आणि तो अर्जाआधी सलग दोन वर्षे टिकलेला असेल, तर भारतीय नागरिकाचा परदेशी जोडीदार म्हणून त्यांना 'ओसीआय' म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्डासाठी अर्ज करता येतो. तोपर्यंत व्हिसावर यावे लागेल, त्यामुळे नाशकातल्या विधींची तारीख त्यांच्या व्हिसाचा अंदाज घेऊनच ठरवा.

गंगापूररोडकर

मनापासून आभार. नाव दाखल करण्याचा आणि दुरुस्तीचा अर्ज सोमवारी देते. यजमानांनी डिसेंबरचे लॉन्स सोडून दिले आहे. पडताळणीचे महिने धरून जर्मनीतला विवाह उन्हाळ्यात होईल आणि इथले विधी त्यानंतरच्या तुळशीच्या लग्नानंतर करू, असे ठरते आहे. दिरांनी स्वतःहून तलाठ्याकडे उताऱ्यासाठी अर्ज केला आहे.

सातपूरकर

काकू, एक शेवटची सूचना. विवाहाच्या दिवशी श्टांडेसआम्टमधून प्रमाणपत्राच्या किमान तीन प्रती मागून घ्यायला सांगा, आणि त्यांतल्या दोन अनेक भाषांत छापलेल्या आंतरराष्ट्रीय नमुन्यातल्या असू द्या. त्यात इंग्रजी असते, त्यामुळे वाणिज्य दूतावासात आणि नाशकात वेगळ्या अनुवादाचा खर्च बहुधा वाचतो. मी एकच घेतली होती, आणि ती भारतीय नोंदणीच्या अर्जात अडकल्यावर बायकोच्या विम्याचे काम सहा आठवडे थांबले होते.